पडद्यावरचे टपाल : मट आणि विम यांची मांडणी

आमच्या घरी माजघरातल्या खुंटीला एक जाड तार टांगलेली आहे. तिच्या तळाला लाकडी चकती आहे आणि वरचे टोक आकड्यासारखे वळवलेले आहे. आजोबा आलेले प्रत्येक पत्र वाचून, त्याचे उत्तर धाडून झाले की त्या तारेत ओवीत असत. पोस्टकार्डे, निळी अंतर्देशीय पत्रे, लग्नपत्रिका, कोर्टाच्या तारखेचा कागद, सारे एकावर एक. तळाचे पत्र १९६१ सालचे आहे. शाई फिकी झाली आहे, मध्ये तारेचे भोक पडले आहे, पण पत्र वाचता येते. त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

आता माझी हकिकत सांगतो. ह्या महाविद्यालयात येण्यापूर्वी मी दुसऱ्या एका संस्थेत शिकत होतो. तेथे असताना आमच्या तालुक्यातील आठवडी बाजारावर एक लहानसा प्रकल्प केला. त्या निमित्ताने एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांशी माझा ई-मेलने पत्रव्यवहार झाला. मी एक प्रश्न विचारावा आणि गुरुजींनी दोन पाने उत्तर लिहावे, असे वर्षभर चालले होते. बैलबाजार कोठे भरे, पट्टी कोण वसूल करी, दुष्काळात धान्याची मापे कशी बदलली, अशी कोणत्याही पुस्तकात न सापडणारी माहिती त्यात होती. एकूण ३७ पत्रे. अभ्यासक्रम संपला आणि काही महिन्यांनी संस्थेने दिलेले ते खाते बंद झाले. सूचना आली होती. ती मी उघडली नव्हती, हा दोष माझाच. पण पत्रे गेली ती गेलीच. गुरुजी आता हयात नाहीत.

आजोबांची सहा दशकांपूर्वीची पत्रे राहिली आणि माझी दोन वर्षांपूर्वीची राहिली नाहीत, ह्याचे कारण शोधताना मी ज्या दोन जुन्या संगणकीय साधनांपाशी पोहोचलो त्यांची ओळख करून द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. एकाचे नाव मट आणि दुसऱ्याचे विम. पहिले टपाल वाचण्याचे साधन, दुसरे लिहिण्याचे. विषय संगणकाचा असला तरी कलाशाखेच्या विद्यार्थ्याने बिचकून जाण्याजोगे त्यात काही नाही, कारण दोहोंची सारी व्यवस्था साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेली असते, आणि मजकूर वाचणे हा तर आपला धंदाच आहे.

टपाल येते-जाते कसे

ई-मेलचा इतिहास फार जुना नाही. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन ह्या अमेरिकन अभियंत्याने अर्पानेट ह्या जाळ्यातील एका यंत्रावरून शेजारच्याच दुसऱ्या यंत्रावर संदेश पाठवला. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव ह्यांच्यामध्ये ‘ॲट’चे चिन्ह ठेवण्याची कल्पना त्याचीच. पत्त्याची ती रीत आजही चालू आहे.

आपण भ्रमणध्वनीवर टपाल उघडतो तेव्हा सारे एकाच ठिकाणी घडते असे वाटते. वास्तविक तेथे निरनिराळी चार कामे असतात. पत्र लिहिणे, ते टपालात टाकणे, आलेले पत्र पेटीतून आणणे आणि ते वाचून जपून ठेवणे. पत्र टाकण्याच्या नियमांना एसएमटीपी म्हणतात. त्यांची पहिली संहिता १९८१ सालची. दूरच्या पेटीतील पत्रे आपल्या यंत्रावरून पाहण्याच्या नियमांना आयमॅप म्हणतात. ते मार्क क्रिस्पिन ह्यांनी १९८६ मध्ये रचले. हे नियम कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. म्हणूनच पेटी कोणाचीही असली तरी ती उघडण्याचे साधन आपल्या पसंतीचे असू शकते. पोस्ट सरकारी असले तरी लेखणी आणि पत्रे ठेवायची तार आपली असते, तसेच हे.

मट म्हणजे काय

मट हे साधन मायकेल एल्किन्स ह्यांनी १९९५ मध्ये तयार केले. इंग्रजीत ह्या शब्दाचा अर्थ मिश्र जातीचे गावठी कुत्रे असा होतो. एल्म, पाइन अशा तत्कालीन साधनांतले चांगले गुण उचलून ते घडवले म्हणून हे नाव. ते फुकट मिळते आणि त्याचा मूळ आराखडाही सर्वांना खुला आहे.

मट टर्मिनलात चालते. टर्मिनल म्हणजे पूर्वी मोठ्या संगणकाला तारेने जोडलेला कळफलक आणि पडदा. आज ती संगणकाच्या पडद्यावरची एक खिडकी असते. तिच्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत, फक्त अक्षरे. आपण आज्ञा टंकायची आणि उत्तर वाचायचे. अशा साधनाला यंत्र जुने चालते आणि जोडणी मंद असली तरी काम अडत नाही. लिनक्सच्या डेबियन अथवा उबुंटू ह्या प्रकारांत ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल मट विम’ एवढ्या एका आज्ञेने दोन्ही साधने येतात.

(येथे एक खुलासा करतो. ह्या लेखात आज्ञा आणि नावे नागरीत, उच्चाराप्रमाणे दिली आहेत. प्रत्यक्ष टंकताना ती लहान रोमन अक्षरांत आणि आकडे इंग्रजी पद्धतीने लिहावेत.)

मट उघडले की पत्रांची यादी दिसते. एका ओळीत एक पत्र : क्रमांक, तारीख, लेखक, विषय. ‘जे’ दाबले की खालचे पत्र, ‘के’ दाबले की वरचे. एंटर म्हणजे पत्र उघडा. ‘एम’ म्हणजे नवे पत्र, ‘आर’ म्हणजे उत्तर, ‘डी’ म्हणजे पुसा, ‘यू’ म्हणजे पुसण्याची खूण काढा, ‘क्यू’ म्हणजे बाहेर पडा. पुसण्याची आज्ञा दिल्याबरोबर पत्र नाहीसे होत नाही. त्यावर फक्त खूण पडते आणि बाहेर पडताना ‘खुणेची पत्रे खरोखर काढून टाकू का’ असे विचारले जाते. घाईत पत्रे पुसणाऱ्या माझ्यासारख्याला हा क्षणभराचा विराम फार मोलाचा वाटतो.

मांडणीची फाइल

नुकते आणलेले मट कोऱ्या पाटीसारखे असते. आपण कोण, पेटी कोठे, लेखणी कोणती, हे त्याला काहीच ठाऊक नसते. ते सांगण्यासाठी घरच्या फोल्डरात ‘.मट’ नावाचा फोल्डर आणि त्यात ‘मटआरसी’ ही फाइल तयार करावी. नावाआधीच्या टिंबामुळे असा फोल्डर एरवीच्या यादीत दिसत नाही. ‘आरसी’ ही अक्षरे ‘आज्ञा चालव’ अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी संज्ञेवरून आली आहेत. मट सुरू होताना ही फाइल वरून खाली वाचते आणि तीत लिहिल्याप्रमाणे वागते. ज्या ओळीच्या आरंभी ‘#’ हे चिन्ह असेल ती मात्र सोडून देते. ती माणसासाठी असते. तेव्हा तेथे खुशाल मराठीत टिपणे लिहावीत.

आरंभापुरती फाइल अशी :

# मी कोण
सेट रिअलनेम = "आपले नाव"
सेट फ्रॉम = "आपला पत्ता"

# पेटी कोठे
सेट फोल्डर = "आयमॅप्स://पेटीच्या यंत्राचे नाव/"
सेट स्पूलफाइल = "+इनबॉक्स"

# पत्र कोठे टाकायचे
सेट एसएमटीपी_यूआरएल = "एसएमटीपीएस://आपले खाते@टपालाच्या यंत्राचे नाव/"

# लेखणी कोणती
सेट एडिटर = "विम"
सेट एडिट_हेडर्स = येस

# यादी कशी लावायची
सेट सॉर्ट = थ्रेड्स

पहिल्या दोन ओळी स्पष्टच आहेत. पुढील तीन ओळींत पेटीचा व टपालाचा पत्ता आहे. ही नावे आपल्या सेवेच्या मदतपानावर दिलेली असतात. ‘आयमॅप्स’ आणि ‘एसएमटीपीएस’ ह्यांच्या शेवटचा ‘एस’ गाळू नये. तो असला म्हणजे वाटेतली वाहतूक कुलूपबंद होते. गाळला तर पत्र उघड्या कार्डासारखे जाण्याचा संभव राहतो. ‘एडिट_हेडर्स’मुळे पत्र लिहितानाच वर पत्ता आणि विषय दिसतात व बदलता येतात. ‘थ्रेड्स’मुळे एका प्रश्नाची सारी उत्तरे त्याच्याखाली शाखा फुटल्यासारखी मांडली जातात. माझी आणि गुरुजींची पत्रे अशी लावलेली असती तर प्रकल्पाचे अर्धे प्रकरण आपोआप तयार झाले असते!

आता परवलीच्या शब्दाविषयी. तो ह्या फाइलीत उघडा लिहू नये, कारण मांडणीची फाइल आपण मित्राला दाखवतो, तिची नक्कल देतो. तो वेगळ्या फाइलीत लिहून जीपीजी ह्या साधनाने ती कुलूपबंद करावी आणि मटआरसीत ‘सोर्स’ ही आज्ञा देऊन ती फाइल उघडण्याची कृती तिच्यापुढे लिहावी. त्या कृतीच्या शेवटी उभी रेघ दिली की मट कृती चालवून तिचे उत्तर वाचते. आणखी एक अडचण अनेकांना येते. जीमेलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांवर अशा साधनांत नेहमीचा परवलीचा शब्द चालवणे बंद केले. तेथे दुहेरी पडताळणी चालू करून केवळ ह्या साधनापुरता १६ अक्षरी ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो. काही संस्थांनी आपल्या पेट्या बाहेरच्या साधनांना पूर्णच बंद ठेवल्या आहेत. तेथे आपला इलाज चालत नाही. महत्त्वाचा पत्रव्यवहार दुसऱ्या खात्यावरून करावा हे बरे.

मराठी वळण

येथवर झाली ती कोणाही देशीच्या माणसाची मांडणी. मला मटचा लळा लागला तो पुढील चार गोष्टींमुळे.

उत्तर लिहिताना मूळ पत्राचा उतारा वर येतो आणि त्याच्या डोक्यावर ‘अमुक तारखेला अमुकने लिहिले’ अशी इंग्रजी ओळ असते. ती ‘ॲट्रिब्यूशन’ ह्या नावाने बदलता येते. मी तेथे नावाच्या खुणेपुढे ‘यांनी’ आणि तारखेच्या खुणेपुढे ‘रोजी लिहिले’ असे घातले. आता आमच्या इतिहासाच्या बाईंना उत्तर देताना त्यांच्या नावापुढे आदरार्थी ‘यांनी’ येते. गोष्ट लहान आहे, पण मराठी पत्राच्या मध्यावर परकी ओळ टोचत नाही.

दुसरी सोय विसराळूंसाठी आहे. ‘सोबत निबंध जोडला आहे’ असे लिहायचे आणि निबंध जोडायचा विसरायचा, हा अनुभव कोणाला नाही? ‘अबॉर्ट_नोअटॅच’ ही सूचना ‘आस्क-येस’ अशी ठेवली म्हणजे पत्रात जोडणीचा उल्लेख आहे पण जोडणी नाही असे दिसताच मट थांबून विचारते. मात्र मुळात ते इंग्रजी शब्दच शोधते. त्याच्या शेजारच्या ‘अबॉर्ट_नोअटॅच_रेगएक्स्प’ ह्या सूचनेत मी "जोडल|सोबत" असे नागरीत लिहिले. मधल्या उभ्या रेघेचा अर्थ ‘किंवा’. ‘जोडल’ एवढेच लिहिल्याने जोडला, जोडली, जोडले ही तिन्ही रूपे सापडतात. मराठीच्या लिंगव्यवस्थेचा असा उपयोग व्याकरणाच्या तासाला कोणी सांगितला नव्हता.

तिसरी सोय म्हणजे ‘सेंड-हूक’. पत्र कोणाला चालले आहे ते पाहून मट आपली सही बदलते. प्राध्यापकांना जाणाऱ्या पत्राखाली पूर्ण नाव, वर्ग आणि ‘आपला विद्यार्थी’. मित्राला जाणाऱ्या पत्राखाली फक्त नाव. आधी सर्वांसाठीची सही लिहावी, मग अपवाद लिहावेत. क्रम उलटला तर अपवाद पुसले जातात.

चौथी सोय शोधाची. यादीत ‘एल’ दाबले की मट कसोटी विचारते. ‘~एफ’पुढे नाव दिले तर त्या लेखकाचीच पत्रे उरतात, ‘~बी’पुढे शब्द दिला तर ज्यांच्या मजकुरात तो शब्द आहे तेवढीच. ‘बैलबाजार’ शब्द देऊन वर्षभराच्या पत्रांतून सहा पत्रे वेगळी काढणे हे एका क्षणाचे काम होते.

लेखणी : विम

विमचा पूर्वज व्हीआय. तो बिल जॉय ह्यांनी १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विभागात लिहिला. त्यांच्यापुढे एडीएम-३ए नावाचे टर्मिनल होते. त्याच्या कळफलकावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. बाण छापले होते ते ‘एच’, ‘जे’, ‘के’, ‘एल’ ह्या अक्षरांवर. म्हणून आजही विममध्ये ह्याच चार कळांनी डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे जाता येते. मटमधील ‘जे’ आणि ‘के’ ह्याच घराण्यातले. ब्रॅम मूलेनार ह्या डच गृहस्थांनी व्हीआयच्या धर्तीवर रचलेले विम १९९१ मध्ये लोकांपुढे ठेवले आणि २०२३ मध्ये निधन होईपर्यंत त्याची निगा राखली. साधन फुकट देताना त्यांची विनंती एवढीच असे की, ते आवडल्यास युगांडातील किबाले येथील गरजू मुलांना मदत करावी.

विम प्रथम उघडणारा माणूस हमखास गोंधळतो. तो ‘नमस्कार’ लिहू जातो आणि पडद्यावर भलतेच घडते. कारण असे की विमच्या दोन अवस्था आहेत. एकीत कळा म्हणजे आज्ञा, दुसरीत कळा म्हणजे अक्षरे. उघडल्यावर आपण आज्ञेच्या अवस्थेत असतो. ‘आय’ दाबले की लेखनाची अवस्था येते आणि एस्केप दाबले की पुन्हा आज्ञेची. आज्ञेच्या अवस्थेत ‘डीडी’ने ओळ निघते, ‘पी’ने ती दुसरीकडे बसते, ‘यू’ने चूक मागे घेता येते. ‘:डब्ल्यूक्यू’ लिहून एंटर दाबले की मजकूर जतन होऊन विम मिटते आणि आपण परत मटमध्ये येतो. तेथे पत्र एकदा डोळ्यांखालून घालून ‘वाय’ दाबले की ते रवाना होते. लिहिणे आणि धाडणे ह्यांच्यामधली ही पायरी मला आवडते. रागात लिहिलेली दोन पत्रे तिने आजवर अडवली आहेत.

ह्या दोन अवस्था विचित्र वाटतात खऱ्या, पण आपण निबंध कसा लिहितो ते आठवावे. एकदा लिहून काढतो, मग तांबडी शाई घेऊन खोडतो, वाक्ये हलवतो. लेखन आणि संस्करण ही दोन वेगळी कामे आहेत. विमने त्यांना वेगळ्या खोल्या दिल्या, इतकेच.

विमची मांडणी घरच्या फोल्डरातील ‘.विमआरसी’ ह्या फाइलीत असते. येथे टिपणाची ओळ ‘#’ने नव्हे तर दुहेरी अवतरणचिन्हाने सुरू होते आणि ‘=’च्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नसते. टपालापुरत्या ओळी अशा :

" अक्षरांची व्यवस्था
सेट एन्कोडिंग=यूटीएफ-८
" मजकूर ओळखून वाग
सिंटॅक्स ऑन
फाइलटाइप प्लगिन ऑन
" पत्राची ओळ ७२ घरांची
ऑटोसीएमडी फाइलटाइप मेल सेटलोकल टेक्स्टविड्थ=७२
" मायना
आयॲब्रेव्ह सनवव सप्रेम नमस्कार विनंती विशेष

मटने उघडलेली फाइल हे पत्र आहे हे विम स्वतःच ओळखते. त्यामुळे ७२ घरांची मर्यादा केवळ पत्रांना लागू होते, निबंधाला नाही. ही संख्या का? जुन्या पडद्यांवर आडवी ८० घरे असत, आणि ती परंपरा १९२८ सालच्या आयबीएमच्या ८० स्तंभी भोकांच्या कार्डापर्यंत मागे जाते. उत्तरात मूळ मजकुरापुढे दर वेळी ‘>’ ही खूण लागते. दोनचार उत्तरांच्या खुणांना जागा उरावी म्हणून आठ घरे राखलेली.

शेवटच्या ओळीने मी ‘सनवव’ लिहून जागेची पट्टी दाबली की पूर्ण मायना उमटतो. वडीलधाऱ्यांसाठी ‘शिरसाष्टांग नमस्कार’ वेगळा ठेवला आहे. आजोबांच्या तारेवरील प्रत्येक पत्राच्या माथ्यावर हे शब्द आहेत. ई-मेलच्या घाईत ते गळले होते.

नागरी अक्षरांची अडचण

ही अडचण लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. टर्मिनल हे मुळात टंकलेखन यंत्राच्या वंशातले. त्याचा पडदा सारख्या मापाच्या घरांत विभागलेला असतो आणि एका घरात एक अक्षर अशी त्याची समजूत असते. रोमन लिपीला हे जमते. नागरीत मात्र ‘र्‍हस्व’सारखा शब्द किंवा साधा ‘कि’ घेतला तरी काना, मात्रा, वेलांटी, रफार मागेपुढे, वरखाली बसतात. परिणामी अनेक टर्मिनलांत जोडाक्षरे सुटी दिसतात, वेलांटी सरकते. एमएलटर्म हे टर्मिनल भारतीय लिप्यांचा विचार करून चालते; निरनिराळी टर्मिनले आणि टंक वापरून पाहावेत.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पडद्यावर अक्षर मोडलेले दिसले म्हणून फाइलीत ते मोडलेले नसते. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतंत्र स्थान आहे. यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन व रॉब पाइक ह्यांनी १९९२ मध्ये आखली. तिच्यात नागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत नोंदले जाते. संगणकाची भाषाव्यवस्था यूटीएफ-८ वर आहे ना, हे ‘लोकेल’ ही आज्ञा देऊन एकदा पाहिले म्हणजे पत्र पलीकडे शुद्धच पोहोचते.

दुसरी अडचण कळफलकाची. तो मराठीवर असताना विमच्या आज्ञा चालत नाहीत, कारण ‘जे’च्या जागी दुसरेच अक्षर उमटते. मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे : एस्केप दाबण्यापूर्वी कळफलक इंग्रजीवर आणायचा. आठवडाभर चुकलो, पुढे हाताला वळण पडले. विममध्ये आपल्या पसंतीचा कळफलक-नकाशा स्वतः लिहिण्याचीही सोय आहे. तो लिहिला म्हणजे मराठी केवळ लेखनाच्या अवस्थेपुरती राहते. संगणकशास्त्र आणि मराठी ह्या दोन विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून करण्याजोगे हे काम आहे.

पत्रे घरी आणणे

आता मुख्य गोष्ट. आतापर्यंतच्या मांडणीत मट दूरच्या पेटीत डोकावते. पत्रे मात्र तिकडेच असतात. खाते मिटले की तीही मिटतील. माझे ३७ पत्रांचे नुकसान एवढ्याने टळले नसते. म्हणून आणखी एक साधन लागते, त्याचे नाव एमबीसिंक. ते दूरच्या पेटीची हुबेहूब प्रत आपल्या यंत्रावर करते आणि पुढे दर वेळी नवी पत्रे तेवढी आणते.

ही प्रत मेलडिर नावाच्या रचनेत ठेवावी. डॅनियल बर्नस्टाइन ह्यांनी ती १९९५ च्या सुमारास आखली. तिच्यात प्रत्येक पेटीचे तीन कप्पे असतात : ‘न्यू’ म्हणजे नुकतीच आलेली, ‘कर’ म्हणजे पाहिलेली आणि ‘टीएमपी’ म्हणजे येण्याच्या वाटेवरची. एका पत्राची एक फाइल. पत्र वाचले की फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘एस’ अक्षर लागते, उत्तर दिले की ‘आर’. ही फाइल विमने, किंवा कोणत्याही साधनाने, उघडता येते. वर पत्ते आणि तारखा, खाली मजकूर. मराठी मजकूर व जोडण्या प्रवासासाठी सांकेतिक रूपात बांधलेल्या असू शकतात, पण ते संकेत जाहीर आहेत. उद्या मट नाहीसे झाले तरी ते उलगडणारे दुसरे साधन मिळेल.

येथे सावधगिरीची एक सूचना. एमबीसिंकच्या मांडणीत ‘एक्स्पंज’ ही सूचना ‘नन’ ठेवावी. मग तिकडे पत्र पुसले गेले तरी इकडचे फार तर पुसण्याची खूण अंगावर घेऊन पडून राहते. बाहेर पडताना मट ‘काढून टाकू का’ विचारील तेव्हा ‘नाही’ म्हणावे. शिवाय दर महिन्याला सारा फोल्डर पेन-ड्राइव्हवर उतरवावा. मांडणीच्या दोन फाइलीही त्यातच ठेवाव्यात. यंत्र बदलले की त्या नव्या यंत्रावर ठेवल्या म्हणजे आपले टपालघर जसेच्या तसे पुन्हा उभे राहते.

कष्ट कशासाठी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मी बाईंच्या संगणकावर ही मांडणी करून दिली. काळा पडदा पाहून त्या म्हणाल्या, “अरे, एवढी सुंदर साधने असताना हे रखरखीत कशाला?” प्रश्न रास्त आहे. मटमध्ये चित्रे दिसत नाहीत. नटवलेली पत्रे डब्ल्यूथ्रीएमसारख्या साधनातून गाळून साधा मजकूर करून वाचावी लागतात. शिकायला पंधरा दिवस जातात. ज्याला केवळ बस-तिकिटे आणि पावत्या येतात त्याने ह्या वाटेला न गेलेलेच बरे.

मी बाईंना एवढेच म्हटले, “बाई, तुमची संशोधकांशी झालेली वीस वर्षांची पत्रे आता ह्या कपाटात आहेत. नेट बंद करून पाहा.” त्यांनी जोडणी काढली, एका दिवंगत इतिहासकारांचे नाव ‘~एफ’पुढे टंकले आणि यादी उमटली. नंतर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत, एकेक पत्र उघडत राहिल्या. हा लेख लिहिण्याची आज्ञा त्यांचीच.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनी गावोगाव हिंडून जुने कागद मिळवले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचे २२ खंड सिद्ध केले. त्यांतला मोठा भाग पत्रांचा आहे. ती पत्रे लिहिणाऱ्यांना आपण इतिहास लिहितो आहोत असे वाटले नसेल. कोणी उसनवारी कळवली, कोणी लष्कराचा मुक्काम. पण कागद कोणाच्या तरी माळ्यावर, दप्तरात राहिला म्हणून तो सापडला. आपल्या पिढीचा पत्रव्यवहार परक्या यंत्रांवर आहे, आणि खाते बंद झाल्यावर मागे माळाही उरत नाही. उद्याच्या संशोधकाने हिंडावे तरी कोठे?

गुरुजींची पत्रे आता परत येणार नाहीत. एका पत्राची मात्र छापील प्रत प्रकल्पाच्या वहीत घडी घातलेली सापडली. धान्याच्या मापांविषयीचे ते पत्र मी विममध्ये अक्षरशः उतरवून काढले, त्यांच्या ऱ्हस्वदीर्घासकट, आणि मेलडिरच्या शेजारी ठेवले. तारेवरच्या पहिल्या पत्रासारखे ते तळाला आहे. त्यावर नवी पत्रे येऊन पडत आहेत.